होडी कुणाला हवी होती

“उपेंद्र म्हणतोय, होडी न्यायची,” आई फोनवर म्हणाली.

मी कणीक मळता मळता फोन घेतला होता, रिसीव्हर खांद्याशी दाबून. ऐकण्यात काहीतरी चूक झाली असं वाटलं.

“काय न्यायची?”

“होडी. धामणवाडीला. तळ्याकाठी राहायचं तर होडी हवीच, म्हणतोय.”

“दादा म्हणतोय? आई, दादाला पोहता येत नाही. रंकाळ्यावर भेळ खातानासुद्धा तो कठड्यापासून लांब उभा राहतो.”

“म्हणूनच असेल. माणसाला जे जमत नाही त्याचीच हौस असते. मी समजावलं बाई त्याला. ऐकेल तर शपथ.”

“अगं पण तिथे भाड्याच्या होड्या असतील की.”

“आहेत. पण त्यात होडीवाला बसतो. परक्या माणसासमोर काय बोलणार?”

“होडीत बसून बोलायचं असतं काय?”

“असंच गं. इकडचं तिकडचं.” तिने लगेच पुढचं काढलं. “आमच्या सकाळच्या फिरण्यात एक अष्टेकर म्हणून आहेत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांची स्वतःची होडी आहे. पण ती ते कुणाच्या हातात देत नाहीत.”

“मग झालं तर. विषय संपला.”

“तसं नाही. त्यांनाही बोलावलं तर देतील. सौजन्य म्हणून बोलवावं लागेल, एवढंच.”

मी म्हटलं, विचार करून सांगते. कणकेचा हात रिसीव्हरला लागला होता, तो पुसत बराच वेळ तिथेच उभी राहिले.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. मी मिरजेला होते, उपेंद्रदादा पुण्याला आणि आई कोल्हापुरात एकटी. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. कुणाचं कुणाशी जोडून द्यायचं, कुणाला ‘लाइन बिझी आहे’ म्हणून थांबवायचं, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. निवृत्त झाल्यावर तिने तेच काम आमच्यावर चालू ठेवलं. कारण मी आणि दादा एकमेकांशी बोलत नव्हतो.

झालं होतं असं की आदल्या दिवाळीत दादाने आईला कायमचं पुण्याला न्यायचा विषय काढला. आई म्हणाली, “त्याबद्दल मला जरा बोलायचंय.” तेवढ्यात मी मध्ये पडले आणि म्हणाले, “तिला नेऊन ठेवणार कुठे? बाल्कनीत, कुंड्यांच्या शेजारी?” दादा अर्धं ताट टाकून उठला, “पेट्रोल भरून येतो,” म्हणाला, आणि आला तो पार रात्रीच्या जेवणाला. आईचं बोलणं राहून गेलं ते गेलंच.

दादाचं हे नेहमीचं होतं. बोलणं नको त्या वळणावर आलं की त्याला काहीतरी काम आठवायचं. स्वतःच्या लग्नाच्या बैठकीतही तो स्कूटरची हवा बघायला म्हणून उठला होता आणि याद्या त्याच्यावाचून झाल्या होत्या. तापट नव्हता तो. आवाज चढवायचा नाही, दार आपटायचा नाही. फक्त उठून जायचा. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं, रिकाम्या खुर्चीशी काय करणार?

अशा दादाला होडी हवी होती. बाबा गेल्यापासून त्याने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. माझा त्याच्यावर राग होताच, पण होडीपुढे तो राग जरा नरम पडला. दुसऱ्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं, “ने बाई होडी. त्याची एवढी इच्छा आहे तर.”

“तू मोठ्या मनाची आहेस, अरू,” आई म्हणाली. “आणि एक. नातवंडं पुढच्या वेळी. या वेळी आपण मोठी माणसंच जाऊ.”

नातवंडांशिवाय सहल ठरवणारी आजी मी पहिल्यांदाच पाहत होते. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

धामणवाडी शाहूवाडीच्या पुढे, डोंगराच्या कुशीत आहे. तिथे शैलावहिनीच्या ओळखीतल्या एका डॉक्टरांचं शेतघर होतं. अंगण थेट तळ्यात उतरत होतं. मी आणि माझा नवरा प्रसन्न पोचलो तेव्हा दादा आणि वहिनी आधीच आले होते. आईने एसटीने येते म्हणून सांगितलं होतं आणि तिला आणायला कुणी येऊ नये असंही बजावलं होतं.

दादा पायरीवर बसून बूट काढत होता, पाण्याकडे पाठ करून. मला बघून म्हणाला, “प्रवास बरा झाला?”

“बरा झाला.”

प्रसन्न दुर्बीण घेऊन पक्षी बघायला निघून गेला. शेवटी मीच मोठेपणा घेतला.

“झालं ना तुझ्या मनासारखं? येतेय होडी.”

“माझ्या मनासारखं?” दादाने वर पाहिलं. “होडी तुला हवी होती.”

“मला?”

“आई म्हणाली, अरू हट्टाला पेटलीय. होडी नसेल तर येणारच नाही म्हणतेय. मी म्हटलं, तिची एवढी इच्छा आहे तर ने बाई.”

“दादा, मला आईने सांगितलं की तू हट्टाला पेटलायस.”

वहिनी तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. “म्हणजे होडी हवी कुणाला होती?”

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. दादाच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग माझाही हलला. एवढ्या महिन्यांत आम्हाला दोघांना मिळून एकाच गोष्टीचं हसू येण्याची ती पहिली वेळ. पण हसू पुरतं फुटायच्या आत फाटकाशी हॉर्न वाजला.

एक छोटा टेम्पो आत आला. मागे दोरांनी आवळलेली निळी होडी. पुढे चालवणारा मुलगा, खिडकीशी एक उंच, सडपातळ गृहस्थ, आणि दोघांच्या मध्ये आई. तिने पंजाबी ड्रेस घातला होता. मी तिला आयुष्यात साडीखेरीज दुसऱ्या कशात पाहिलं नव्हतं.

“एसटीला गर्दी होती,” खाली उतरत ती म्हणाली, कुणी काही विचारायच्या आत. “हे अष्टेकर. होडी यांची आहे.”

अष्टेकरांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि ते लगेच दोर सोडायला लागले. दादा त्यांच्याजवळ गेला.

“आपण परत कधी निघणार?” त्याने विचारलं. सौजन्याने, पण विचारलंच.

“होडी निघेल तेव्हा,” अष्टेकर म्हणाले.

“आणि होडी?”

“ते तुमच्या आई सांगतील.”

होडी पाण्यात उतरवायला सगळे लागले, दादा सोडून. तो सूचना देत होता, अंगणातूनच.

दुपारी जेवायला बसलो. वहिनीने मटकीची उसळ केली होती, मी भाकऱ्या. आई वाढत होती आणि मी तिच्याकडे बघत होते. आमच्या प्रत्येकाला तिने विचारलं, भात किती वाढू, तूप हवं का. अष्टेकरांना काही विचारलं नाही. त्यांच्या भातावर तूप घातलं नाही, आणि भाताची खालची करपलेली खरवड मात्र न मागता त्यांच्या पानात वाढली. त्यांनी ती आवडीने खाल्ली. मग उसळीचा घास घेऊन त्यांनी मान न उचलताच म्हटलं, “कुमुद, मीठ दे जरा.”

द्या नाही. दे.

आईने मीठ दिलं. अष्टेकरांनाही कळलं काय झालं ते, त्यांचे कान लाल झाले. प्रसन्न उसळीत काहीतरी शोधत बसला.

आईने मिठाचं भांडं खाली ठेवलं. “आता विषय निघालाच आहे तर,” ती म्हणाली, “मला तुम्हा दोघांशी…”

दादा उठला.

“मागचं टायर जरा बसल्यासारखं वाटत होतं. बघून येतो.”

“ताट तरी संपव,” वहिनी म्हणाली, पण तो फाटकाबाहेर गेलासुद्धा. टायरला काही झालेलं नव्हतं. तो गाडीजवळून तसाच पुढे, गावाच्या रस्त्याला लागलेला आम्हाला खिडकीतून दिसला.

मला वाटलं, आई आता चिडेल किंवा डोळ्यांना पदर लावेल. पण त्या दिवशी पदर नव्हताच. ती त्याच्या ताटावर ताटली झाकत शांतपणे म्हणाली, “बघ. म्हणून आणायला लागते होडी.”

“म्हणजे?”

“भांडी घासायला घे.”

दादा ऊन कलल्यावर परत आला. आई अंगणाच्या टोकाला उभी होती. तिच्या हातात नारिंगी रंगाचं लाइफ जॅकेट होतं.

“चल उपेंद्र, होडीत बसू.”

“मला पोहता येत नाही, आई.”

“मला येतं.”

“कधीपासून?”

“तू विचारलं नाहीस तेव्हापासून. चल.”

दादाने अष्टेकरांकडे पाहिलं. ते अंगणात खुर्चीवर बसले होते. “मला नाही बसायचं. यांच्याबरोबर तर…”

“ते येत नाहीयेत. आपण दोघंच.”

“मग वल्हवणार कोण?”

आई चपला काढून पाण्यात शिरली, होडीच्या कडेला हात टेकून झोकात आत चढली आणि दोन्ही वल्ही पकडून बसली. माझी आई, जी जिन्यावरून उतरताना कठडा धरायची. मी प्रसन्नकडे पाहिलं, त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली होती. पंधरा फुटांवर.

वहिनीने लाइफ जॅकेट उचललं, दादाला लहान मुलाला स्वेटर घालावा तसं घातलं, पट्टे आवळले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला पाण्याकडे चालवलं. “जा,” एवढंच म्हणाली. आजही माझी खात्री आहे की तिला थोडं तरी ठाऊक होतं. ती कबूल करत नाही.

दादा होडीच्या मागच्या फळीवर बसला, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून. वल्हवणारा माणूस होडी जाते त्या बाजूला पाठ करून बसतो. त्यामुळे होडी दूर जायला लागली तेव्हा आईचं तोंड आमच्याकडे होतं आणि दादाची नारिंगी पाठ. वल्ही एका लयीत पडत होती. शिकाऊ माणसाचा हात नव्हता तो.

मी अष्टेकरांच्या शेजारची खुर्ची ओढली.

“कधी शिकली ही?”

“उन्हाळ्यात. पहिल्या पहिल्यांदा नुसती गोल फिरायची. एकदा मला पाण्यात पाडलं.” ते जरा हसले. “चुकून, असं म्हणते.”

“ती त्याला काय सांगणार आहे?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्हाला अंदाज आला असेल.”

“आला. पण तुम्ही सांगा.”

“आम्ही लग्न करायचं म्हणतोय. नोंदणी पद्धतीने. माझी पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. कुमुदच्या… आईंच्या बाजूने तुम्ही दोघं आहात. तुम्हाला सांगितल्याशिवाय तारीख घ्यायची नाही, असं त्यांचं म्हणणं.”

“तुम्ही तिला विचारलंत कधी?”

“मी?” त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. “त्यांनीच विचारलं. मी विचार करायला आठवडा मागितला. त्यांनी संध्याकाळपर्यंत वेळ दिला.”

मला काय वाटलं ते सांगायचं तर पहिल्यांदा बाबांचा चष्मा आठवला. आईने तो अजून रेडिओवर ठेवला होता, काचा पुसून. मग आठवलं की हल्ली रात्रीच्या फोनवर आई लवकर ‘ठेवू का’ म्हणायला लागली होती आणि मी तिला दोनदा विचारलं होतं, बरं नाही का तुला. तिला बरं नसणं तेवढं माझ्या डोक्यात आलं होतं. ती खुशीत असेल हे आलंच नव्हतं. शेवटी मी सोपा राग शोधला.

“मग मला का नाही नेलं होडीतून? मी कुणीच नाही का?”

“त्या म्हणाल्या,” अष्टेकर हळू आवाजात म्हणाले, “अरूला काठावरही सांगता येईल. ती ओरडेल, पण बसून राहील.”

मी ओरडले नाही. बसून राहिले.

होडी आता तळ्याच्या मध्यावर होती. आईने वल्ही आत घेतली. तिचे हात हलताना दिसत होते, नेहमीसारखे, बोलताना हवेत भाकरी थापल्यासारखे. आणि मग, मला वाटलंच होतं, दादा उठला.

होडी एका अंगाला कलली. दादाचे दोन्ही हात हवेत गेले. वहिनी माझ्या खुर्चीची पाठ धरून उभी होती, तिची नखं माझ्या खांद्यात रुतली. दादा कलंडला, तोल सावरला आणि मटकन खाली बसला. पाण्याच्या मधोमध उभं राहिलेल्या माणसाला जायला कुठेच नव्हतं.

प्रसन्नला हसू आवरेना. मग मलाही. वहिनी म्हणाली, “हसताय काय, बुडला असता तो,” आणि स्वतःच हसत सुटली. अष्टेकर तेवढे हसले नाहीत. ते होडीकडे बघत होते.

त्यानंतर बराच वेळ काहीच घडलं नाही. वारा होता, होडी हळूहळू फिरायला लागायची. ती फिरली की आई एक वल्हं पाण्यात घालून तिला परत होती तशी करायची. दादाची पाठ पुन्हा आमच्याकडे. वहिनीने प्रसन्नच्या हातातली दुर्बीण ओढून घेतली. ती डोळ्यांना लावणार तोच अष्टेकर म्हणाले, “नका बघू.” त्यांचा आवाज असा होता की वहिनीने दुर्बीण मुकाट्याने पेटीत घातली.

डोंगराची सावली अंगणात आली तेव्हा ते परतले. दादाची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती, तोंड ओलं होतं, केसांतून पाणी निथळत होतं. तो होडीतून उतरला, घसरला, अष्टेकरांनी पुढे केलेला हात त्याने धरला. धरल्यावर त्याच्या लक्षात आलं की कुणाचा हात आहे. त्याने तो सोडला नाही, पण चेहरा काही सैल झाला नाही.

“तुम्हाला पोहता येतं?” त्याने विचारलं.

“येतं.”

“हिला?”

“माझ्यापेक्षा बरं.”

“मग ठीक आहे,” दादा म्हणाला आणि चहा मागितला.

रात्री आम्ही पिठलं-भात खाल्ला. दादाने आईला विचारलं, राहणार कुठे. आई म्हणाली, कोल्हापुरातच, माझ्याच घरात, यांचं घर फार अंधारं आहे. दादाने विचारलं, तब्येती कशा आहेत. अष्टेकरांनी सांगितली, गुडघ्यापासून रक्तदाबापर्यंत. दादाने बाबांच्या चष्म्याचं विचारलं. आई म्हणाली, “तो रेडिओवरच राहील. यांना ठाऊक आहे.” दोनदा दादाने दाराकडे पाहिलं, मी बघत होते. पण शेवटपर्यंत बसला, ताटात हात वाळेपर्यंत.

झोपायला जाताना तो मला म्हणाला, “अरू, बाल्कनीचं खरं होतं तुझं. कुंड्याही मरतात तिथे.”

जानेवारीत लग्न झालं. साक्षीदार म्हणून दादाने, मी आणि वहिनीने सह्या केल्या. आई आणि अष्टेकर सतरा वर्षं एकत्र राहिले, भांडले, दोनदा होडी विकायला काढली आणि दोनदा गिऱ्हाईकाला परत पाठवलं. अष्टेकर गेले तेव्हा त्यांच्या उशाशी दादा बसला होता. आई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. ऐकू कमी येतं, त्यामुळे आमच्या फोनवर तिला आता काही जोडता-तोडता येत नाही.

होडीत त्या दोघांत काय बोलणं झालं, हे मात्र मला कधीच कळलं नव्हतं. आईला विचारलं तर म्हणायची, “इकडचं तिकडचं.” दादाला विचारायची माझी छाती नव्हती. गेल्या वर्षी अष्टेकरांच्या वर्षश्राद्धानंतर आम्ही दोघं आईच्या गच्चीवर बसलो होतो. मी म्हटलं, दादा, आता तरी सांग. तिने तुला पटवलं कसं?

“पटवलं नाही,” दादा म्हणाला. “मी लग्न करतेय, म्हणाली. तुला विचारत नाहीये, सांगतेय. मी उठलो.”

“ते दिसलं आम्हाला.”

“मी बसल्यावर ती म्हणाली, तू उठून का जातोस ते मला माहितीये. बाबांच्या वेळी तू घरात एकदाही रडला नाहीस. दर थोड्या वेळाने बाहेर जायचास, कधी फुलं आणायला, कधी गुरुजींना बघायला. तेव्हापासून बाहेरच जातोयस. मग म्हणाली, इथे बाहेर काही नाही, उपेंद्र. आणि काठावरून तुझी फक्त पाठ दिसतेय.”

खाली अंगणात आई कुणालातरी मोठ्याने हाका मारत होती. दादा ऐकत बसला.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. ती गप्प बसली. मध्येमध्ये होडी फिरली की वळवून घ्यायची, तेवढंच. बऱ्याच वेळाने म्हणाली, झालं असेल तर तोंड धुऊन घे. पाणी भरपूर आहे.”